लो सेटिंगवरचा कावळा

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही" अशी सुरुवात या ग्रुपवर प्रत्येक जण करतो, आणि ते वाचून मला दर वेळी हसू येतं. आता मीच तेच लिहिणार म्हणजे... असो. पण खरंच नाही हो. मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताचे नमुने तपासते. भूत, करणी, अंगात येणं... आमच्या घरी कधी विषयसुद्धा निघाला नाही. हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. राग आलाय म्हणून लिहितेय.

आई गेल्यावर माझे वडील, म्हणजे अण्णा, वाईचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आले. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेलेली. डोंगर पायी तुडवलेला माणूस. आणि शुगर लँडला काय? दूध आणायचं तरी गाडी काढायची. उन्हाळ्यात दुपारी दार उघडलं की कुकरचं झाकण उघडल्यासारखी वाफ तोंडावर येते. अण्णा खिडकीत बसून लॉन बघायचे. लॉनमध्ये बघण्यासारखं काय असतं, तुम्हीच सांगा.

माझा मोठा भाऊ, दादा, क्युपर्टिनोला. कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि गेम अडखळता कामा नये हे बघणं हेच त्याचं काम. अण्णांना भेटायला यायला साहेबांना वेळ नव्हता. मग त्याने काय करावं? आपला जुना कॉम्प्युटर खोक्यात घालून पाठवून दिला.

"शनिवारी आपण गेममध्ये भेटत जाऊ ना अण्णा. सेम थिंग!"

सेम थिंग म्हणे.

पण खरं सांगायचं तर अण्णांना तो गेम आवडला. त्यात मारामारी नव्हती. डोंगर, जंगल, एक तळं. हिंडायचं, लाकडं गोळा करायची, चुलीवर सूप करायचं. दोन माणसं दोन गावांतून एकाच जंगलात येऊ शकायची. तळ्याकाठी एक सपाट दगड होता. अण्णांचा गेममधला माणूस त्या दगडाशी बसायचा आणि सुपाचे दोन वाडगे मांडायचा. एक स्वतःचा, एक दादाचा.

भांडण होतं ते सेटिंग्जवरून. कॉम्प्युटर जुना, त्यामुळे पानं, सावल्या, पाण्यातलं प्रतिबिंब, लांबचे डोंगर असं सगळं "अल्ट्रा"वर नेलं की गेम थबकत थबकत चालायचा, दादाच्या स्क्रीनवरही. सगळं "लो"वर आणलं की पळायचा छान, पण डोंगर गायब आणि झाडं म्हणजे पालकाच्या भाजीचे गोळे. पक्षी-प्राणी दाखवायचे की नाही याचं वेगळं बटण होतं. ते दादाने पहिल्याच दिवशी त्याच्या घरून ऑफ करून टाकलं.

"अण्णा, क्वालिटी आणि परफॉर्मन्स दोन्ही नाही मिळत. एक काहीतरी चूज करा."

"अरे पण लांबचं काही दिसत नाही त्यात."

"लांबचं बघून काय करायचंय? मी तुमच्या शेजारीच असतो ना!"

"एकदा, एकदाच सगळं वर चढवून बस रे माझ्याजवळ. अडखळू दे अडखळलं तर. आपल्याला काय एसटी पकडायचीय?"

"बसू, बसू. नेक्स्ट सॅटर्डे. प्रॉमिस!"

मग अण्णा स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचे, "पुढच्या शनिवारी बसतो म्हणालाय." दर वेळी तेवढ्याच आनंदाने. माझा नवरा मंदार नागपूरचा, त्याच्या तोंडाला लगाम नाही. तो म्हणायचा, "अण्णा, त्याचा पुढचा शनिवार कॅलेंडरातच नाही ना भाऊ." अण्णा त्याच्यावर चिडायचे. दादावर कधी नाही.

आठवडाभर ते एकटेच अल्ट्रावर हिंडायचे. शनिवारी सकाळी मात्र आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, आपल्या हाताने सगळं लोवर आणायचे. पक्षी बंद, डोंगर बंद. दादाला अडखळलेलं आवडत नाही ना! मग दोन वाडगे मांडून बसायचे. दादा यायचा कधीतरी. आला की दहा मिनिटं टिकायचा.

ज्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, त्या सकाळीही ते तसेच बसले होते. दादाचा मेसेज आला, "स्टक आहे, सॉरी." दुसऱ्या दिवशी अण्णा गेले.

दादा आला. रडला वगैरे, नाही म्हणत नाही. पण केस काढले नाहीत, कारण पुढच्या सोमवारी कुणाला तरी प्रेझेंटेशन द्यायचं होतं. अंत्यसंस्कार झाल्यावर परत गेला आणि दहाव्याला सकाळच्या फ्लाइटने आला, संध्याकाळचं रिटर्न तिकीट खिशात ठेवून.

दहावा आमच्या मागच्या अंगणात केला. गुरुजी लांबून ड्राइव्ह करून आले होते. भाताचा पिंड मांडला आणि आम्ही लांब उभे राहिलो. तुम्हाला माहीतच आहे, कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानाने गेला. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये इथे काळ्या पाखरांचे थवेच्या थवे असतात, चालणं मुश्कील करतात मेले. त्या दिवशी आमच्या कुंपणावर एक पाखरू नाही.

"कुणीतरी शब्द द्या," गुरुजी म्हणाले. "जे राहिलं असेल ते बोला."

मी पुढे झाले. म्हटलं, अण्णा, अस्थी वाईला घेऊन जाईन, कृष्णेत सोडेन. घर विकू देणार नाही. दर वर्षी तुमच्या नावाने शाळेतल्या पोरांना जेवण घालीन. सगळं मनापासून बोलले, आणि सगळं करणारच होते. काही नाही. मंदार बोलला, तरी काही नाही. ऊन चढलं, गुरुजींचं उपरणं घामाने चिकटलं.

काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं.

"दादा, म्हण ना. एकदा सगळं वर चढवून बसतो म्हण."

"प्लीज यार. माझा यात बिलीफ नाहीये."

बिलीफ नाही, आणि सोवळं नेसून उभा! शेवटी गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला आणि तो पिंडाला शिववला. शास्त्राला चालतं म्हणे. मला नाही चाललं. मी आत जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

जेवणं झाली, गुरुजी गेले. एअरपोर्टला निघायला वेळ होता, तर दादा म्हणाला, "तो पीसी डोनेट करून टाकू. मी माझा अकाउंट साइन आउट करतो." वरच्या खोलीत गेला. मी आणि मंदार मागोमाग गेलो, कारण अण्णांच्या खुर्चीत तो एकटा बसलेला मला नको होता. भर दुपार, पडदे उघडे, बाहेर शेजाऱ्यांचा लॉनमोवर चाललेला. हे मुद्दाम सांगते.

गेम उघडला. अण्णांचा माणूस दगडाशी तसाच बसलेला. समोर दोन वाडगे.

आणि दगडाच्या कडेवर कावळा.

"बर्ड्स कुणी ऑन केले?" दादा म्हणाला. सेटिंग्जमध्ये गेला. वाइल्डलाइफ ऑफ होतं. त्याने ऑन केलं, परत ऑफ केलं, गेम बंद करून पुन्हा चालू केला. कावळा तिथेच.

"बग असेल," म्हणाला, आणि सवयीने एकेक गोष्ट खाली आणायला लागला. आधीच लो होतं, ते आणखी खाली. झाडांचे चौकोन झाले, पाणी म्हणजे नुसता निळा ठोकळा, अण्णांच्या माणसाचा चेहरा कणकेच्या उंड्यासारखा झाला. कावळा मात्र स्वच्छ. एकेक पीस मोजून घ्या. डोळा ओला. उन्हाने चोच उघडी टाकून धापा टाकत होता, आपल्याकडे वैशाखात टाकतात तसा.

"अग्गो बाई, याची मान बघ," मी म्हटलं. मान राखाडी होती. इथले अमेरिकन कावळे सगळेच्या सगळे काळे असतात. हा आपल्याकडचा होता.

दादाचा हात माउसवरून खाली आला. "या गेममध्ये कावळाच नाहीये," तो हळूच म्हणाला. "बदकं आहेत फक्त. आय नो धिस गेम. एवढं डिटेल हे जुनं ग्राफिक्स कार्ड काढूच शकत नाही."

कावळा वाडग्यांकडे बघत होता. हलत नव्हता.

मंदार, जो देवळातसुद्धा जोक मारतो, त्याने हात जोडले. मी म्हटलं, "अण्णा, मी बसते. मी सगळं वर चढवून बसते तुमच्याजवळ." ढिम्म. मान वळवून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.

"दादा, आता तरी बोल."

त्याच्या कपाळावर घाम आला होता, एसी चालू असताना. तो खुर्चीत सावरून बसला आणि घाईघाईने म्हणाला, "ओके. ओके, अण्णा. थँक्सगिव्हिंगला येतो. चार दिवस राहतो. सगळं अल्ट्रावर टाकून इथे बसतो. प्रॉमिस."

वाक्य पुरतं संपलंसुद्धा नव्हतं. कावळा टुणकन उडी मारून पुढे आला आणि अण्णांच्या वाडग्यात चोच बुडवली. एकदाच. मग स्क्रीनवर दगड होता, वाडगे होते, कावळा नव्हता.

दादाने मोठा श्वास सोडला. आणि हसला! "बघ, झालं ना? सुटलो." मग घड्याळ बघून म्हणाला, "मंदार, निघायला हवं. ट्रॅफिक लागेल."

थँक्सगिव्हिंगला दादा आला नाही. नव्या गेमचं रिलीज होतं. ख्रिसमसला मुलांना बर्फात खेळायला न्यायचं होतं, ते आधीच ठरलं होतं म्हणे. मी फोनवर कावळ्याचं नाव काढलं तर म्हणाला, "ताणाखाली माणसाला काहीही दिसतं गं. लेट इट गो."

कॉम्प्युटर मी दिला नाही. अस्थी वाईला नेऊन आले, शाळेतल्या पोरांना जेवण घातलं, घराला नवीन कुलूप लावलं. रविवारी दुपारी वर जाते, सगळं अल्ट्रावर टाकते आणि बसते. गेम थबकत थबकत चालतो. लांबचे डोंगर दिसतात, फार सुंदर दिसतात. कावळा पुन्हा आला नाही. दादाचा वाडगा तसाच भरलेला आहे.

तो कावळा कुठून आला, मला माहीत नाही. कॉम्प्युटरवाल्या दोघा-तिघांना विचारलं, सगळ्यांनी खांदे उडवले. इथे कुणी उत्तर दिलं तर वाचीन, पण त्याने माझी झोप उडालेली नाही. माझी झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. रोज त्यांचं जेवणखाण बघितलं मी, वेळेवर औषधं दिली मी. माझा शब्द खरा होता, तरी पिंडापाशी कुणी फिरकलं नाही. आणि जन्मभर पुढच्या शनिवारच्या थापा मारणाऱ्याचा शब्द यायचा अवकाश, लगेच चोच बुडवली.

मेल्यावर तरी माणूस शहाणा होत असेल असं वाटलं होतं मला, अण्णा.