महादूभावजींची पाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, पोरीला नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही धड सांगता येणार नाही.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. खाडी आणि भातशेतीच्या मध्ये एकच आडोसा — मातीचा बांध. तो आहे तोवर गाव. उधाणाच्या दिवशी घराघरानं पाळीपाळीनं त्यावरून फिरायचं, खेकड्यांची भोकं चिखल दाबून बुजवायची. ज्याच्या पाळीत खांड पडली, बांध फुटला, त्याच्या घराला पुन्हा पाळी नाही. दंड नाही, मारहाण नाही. पण तेवढ्यानंच माणूस गावातून उठतो.

बांधाच्या आत आमचं तळं. पोर लग्नाला आली होती, व्याह्यांच्या ताटात घरच्या तळ्यातला जिताडा मासा वाढायची मला हौस — हौस कसली, मिरवायचं होतं! जिताड्याची पिल्लं खाडीच्या पाण्याबरोबर येतात. म्हणून मी बांधाला हातभर चीर पाडली, भरतीचं पाणी तळ्यात घेतलं आणि पेंढा-चिखल कोंबून चीर बुजवली. घाईघाईत. वरवर.

दुसऱ्या दिवशी अवसेचं उधाण, त्यात पाऊस. सकाळी पाळीवर माझे धाकटे दीर, वेगळं घर केलेले महादूभावजी. चिरेपाशी थांबले.

"वयनी, हितली माती नवी दिसते."

"खेकड्याचं भोक व्हतं. मीच भरलंय, चांगलं तुडवून."

माझ्या शब्दावर ते पुढे गेले. तेव्हा मी खरं बोलले असते तर? दोन माणसं, चार पाट्या माती — एवढंच तर काम होतं. दुपारी तिथंच खांड पडली. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात गेलं. सगळ्या गावाचं.

गाव देवळात बसलं. भावजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. आता माझं नाव घेतील, असं वाटलं. ते म्हणाले, "पाळी माझी व्हती." झालं. मी पदर तोंडाला लावला होता — बायकांना वाटलं, रडते आहे. रडत नव्हते. सुटले म्हणून बरं वाटलं होतं मला.

बांध दोनदा घातला, दोनदा गेला. शेवटी लोकांनी हात टेकले. आज त्या शेतांत खारफुटीची तिवरं माजली आहेत.

भावजींशी कुणी धड बोलेना. दोन वर्षांनी ते बायकोला घेऊन रोह्याला निघाले, कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जिताड्याचं कालवण पाठवलं. खांडीच्या पाण्याबरोबर आमच्या तळ्यात मात्र जिताडे भरभरून आले होते. जाऊ टोप घासून परत घेऊन आली. म्हणाली, "निवांत जेवले गो. म्हनले, वयनीनं मासा चांगला पोसलाय."

ते रोह्यातच गेले. तेराव्याला मी गेले होते. जेवून आले.