आजार होण्याआधीचा डॉक्टर

आजारी माणसाला पाहून घाबरणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण धडधाकट माणसाकडे संशयाने बघणारा एकच प्राणी माझ्या पाहण्यात आला, आणि माझं नशीब असं की तो दोन वर्षं माझ्याच खोलीत राहिला. सार्वजनिक आरोग्य या विषयाची पदवी घ्यायला आम्ही नगरला एकत्र आलो होतो. आलो कसले, वाहत आलो होतो. आमच्या वर्गात दातांची डिग्री घेऊन रिकाम्या दवाखान्यात माश्या मारून कंटाळलेले होते, होमिओपॅथीवाले होते, नर्सिंगच्या मुली होत्या आणि घरी बसून बोलणी खाण्यापेक्षा हे बरं, म्हणून आलेले माझ्यासारखेही होते. कुणालाही विचारा, ‘पब्लिक हेल्थच का?’ तर प्रत्येक जण चेहरा गंभीर करून सांगे की कम्युनिटीसाठी काहीतरी करायचंय. ही कम्युनिटी म्हणजे नेमकं कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जीपने दोन तास लांब राहते आणि तिच्याकडे जाताना टोपी आणि विकतच्या पाण्याची बाटली न्यावी लागते, एवढंच काय ते आमचं ज्ञान. या सगळ्या सोंगाड्यांत मनापासून आलेला एकच होता, तो म्हणजे माझा हा रूम पार्टनर. मनापासून आलेल्या माणसाबरोबर एका खोलीत राहणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

तो नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरजवळच्या वस्तीवरचा. घरी ऊस, दोन गाई, आई आणि वडील. वडिलांनी त्याला आयुर्वेदाचा डॉक्टर केला तो गावात पाटी लावून बसेल या आशेने. हा म्हणाला, माणसाला आधी आजारी पडू द्यायचं आणि मग बरं करायचं हा उलटा धंदा आहे, मला तो करायचा नाही. वडिलांनी विचारलं, मग काय लोकांचे हात धुवत फिरणार आहेस का? यावर त्याने ‘व्हय’ म्हटलं. वडील त्यानंतर महिनाभर त्याच्याशी गाईंच्या मार्फत बोलत होते, असं तो सांगायचा.

स्वतःचे हात धुणं हा तर त्याचा रोजचा सोहळा होता. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं यथासांग. तोवर माझी भाकरी गार आणि भूक मेलेली. आम्ही राहायचो त्या सावेडीतल्या कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला त्याने एकदा ‘नखं दाखवता का जरा’ असं विचारलं. तेव्हापासून तो बिचारा आम्ही दिसलो की हात पाठीमागे घेऊन उभा राहायचा आणि आम्ही लांब जाईपर्यंत गिऱ्हाइकाला भेळ द्यायचा नाही. खोलीत डास आला तर त्याला लगेच मारायची मला परवानगी नव्हती. आधी तो कुठल्या जातीचा, पायावर पट्टे आहेत का, अंगाचा कोन कसा ठेवून बसलाय, हे बघायचं. हे संशोधन चालू असताना डास माझं रक्त पिऊन सावकाश निघून जायचा आणि हा म्हणायचा, ‘काळजी करू नको, साधा होता.’

आमचे घरमालक निवृत्त शिक्षक, सोवळं-ओवळं पाळणारे, आणि काकू त्यांच्याहून कडक. गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं. त्यावर झाकण बसवा म्हणून याने पंधरा दिवस त्यांच्या मागे लकडा लावला. काका काही मनावर घेईनात. मग या पठ्ठ्याने कुठूनतरी पिशवीभर गप्पी मासे आणले आणि कुणाला न विचारता टाकीत सोडले. डासांच्या अळ्या खातात, आपोआप काम होतं. काम झालंही. फक्त एका सकाळी काकूंनी देवाला स्नान घालायला तांब्या भरला, तर त्यात एक गप्पी गिरक्या घेत होता. काकूंच्या हातून तांब्या पडला. काका देवघरापाशी आले, माशाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले की मत्स्यावतार भाडेकरूंच्या खोलीतून झालेला दिसतो. आम्हाला त्याच दिवशी खोली सोडावी लागली असती. पण हा खाली गेला, काकूंची माफी मागितली आणि माफी मागता मागता त्यांना अळ्यांचं चक्र समजावून सांगायला लागला. शेवटी काकांनी कंटाळून टाकीला झाकण बसवलं. विजय त्याचा झाला आणि घरातलं वातावरण मला सोसावं लागलं.

पण त्याचा खरा रंग दिसला तो राजूरला. आमच्या कॉलेजने बाजाराच्या दिवशी तिथे पथनाट्य ठरवलं होतं, विषय हगवण. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं बाजाराला उतरलेली, आणि त्यांच्यासमोर आम्ही उच्चशिक्षित मंडळी तोंडाला हिरवा रंग फासून जंतू झालो होतो. मी जंतूचा धाकटा भाऊ होतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लाजिरवाणा तास. नाटक संपल्यावर लोक रांग लावून उभे राहिले, कारण एवढा तमाशा केला म्हणजे शेवटी औषध विकणार, हा त्यांचा अनुभव होता. एका म्हाताऱ्याने गुडघ्यावर गोळी मागितली. आमचा हा रूम पार्टनर, तोंडाला रंग तसाच, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘बाबा, आमी गोळ्या न्हाई देत. आमी आजार होण्याआधीचे डॉक्टर.’

म्हाताऱ्याने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, ‘मंग ईस वरसं आदी यायचं हुतंस की.’

सगळा बाजार हसला. मीही हसलो. हा मात्र हसला नाही. परतताना जीपमध्ये तो मला म्हणाला की म्हाताऱ्याचं बरोबर आहे. मी म्हटलं, तू झोप.

असल्या माणसाचं लग्न कसं जमणार? स्थळं यायची, पण ‘मुलगा डॉक्टर’ म्हणून आलेला पाहुणा ‘दवाखाना कुठं टाकलाय?’ या प्रश्नाशी येऊन थबकायचा. दवाखाना नाही, टाकणारही नाही, हे कळलं की चहा न घेता उठायचा. आई देवाला नवस बोलून थकली. अशात त्याच्या मामांनी राहुरीकडचं एक स्थळ आणलं. मुलगी बी.एड. करत होती. फोनवर दोनदा बोलणं झालं. आपण काय शिकतो हे याने तिला सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. उलट तिने विचारलं, ‘एखाद्या गावात लोक आजारी पडलेच न्हाईत, तर ते तुमच्यामुळं, हे कळतं कसं?’ आमच्या प्राध्यापकांनाही न सुचलेला हा प्रश्न ऐकून आमचे महाराज गारद. आठवडाभर त्याने माझ्याकडे त्याच मुलीचं कौतुक केलं. हे लग्न जमलं नाही तर आपण पुन्हा कुणाला बघायला जाणार नाही, असंही त्याने जाहीर केलं. त्याच्या आईने मला मुद्दाम फोन करून बजावलं की बाबा, तू बरोबर जा आणि ह्याच्या तोंडाकडं लक्ष ठेव.

त्याची आई मामांबरोबर एसटीने पुढे गेली आणि मी मोटरसायकलवर सगळ्या वाटेने त्याला पढवलं. संडासाबद्दल बोलायचं नाही. शोषखड्ड्याबद्दल नाही. जंत, कुत्रा चावणं, यातलं काहीही नाही. तो मान हलवत होता. तिथे गेल्यावर पाण्याच्या पेल्यात कुणाचीतरी बोटं बुडालेली त्याने पाहिली, आणि तरीही ते पाणी गटागटा प्यायला. त्याचं प्रेम किती खरं आहे हे मला तेव्हा कळलं. मुलगी चहा घेऊन आली, बसली. तिचे चुलते पागोट्यावर हात फिरवत म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा पाहुणे. याने तिच्याकडे इतका वेळ, इतक्या मायेने पाहिलं की मला हायसं वाटलं. मग तो म्हणाला, ‘तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?’

त्याच्या आईने पदर तोंडावर ओढला. मी पोह्याची बशी खाली ठेवली. मुलगी मात्र गोंधळली नाही.

‘कधी तपासलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमचं किती?’

आणि दोन वर्षं अख्ख्या जिल्ह्याच्या रक्ताची चौकशी करणारा हा गृहस्थ खाली मान घालून म्हणाला की मीपण कधी तपासलं नाही. मुलगी किंचित हसली. तेवढ्यावरही सगळं निभावलं असतं. पण चुलते उठून उभे राहिले होते. ढोर घेताना दात बघतात तसं आमच्या पोरीचं रक्त बघायला आलात काय, असं ते म्हणाले. आम्ही चपला घातल्या.

परतीच्या वाटेवर मी त्याला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘चहाचा ट्रे आणताना उंबऱ्यात थांबून दम घेतला तिनं. वर बघितलं तवा खालच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक हुत्या. तू पोहे खात हुतास, तुला दिसलं न्हाई.’ माणसं मुलीचे डोळे बघतात. हा पापणीची आतली बाजू बघून आला होता. मी गाडी चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं रक्त तपासलं. उत्तम निघालं. आनंद व्हायचा तर हा कॉटवर बसून राहिला. घरात सायीचं दूध आपल्याला आणि उरलंसुरलं आईला, हे त्याला त्या आकड्यात दिसलं असावं. त्या रविवारी गावी जाऊन त्याने आईला तपासायला नेलं. मुलीकडचा नकार मामांमार्फत आला. याने मामांमार्फतच उलट निरोप पाठवला, की नकार कळला, पण मुलीचं रक्त तेवढं तपासून घ्या म्हणावं. मामा म्हणाले, मार खायला मी जात नाही. पण मामांच्या पोटात काही ठरत नाही. त्यांनी ही गोष्ट चार लग्नांत टिंगल म्हणून सांगितली, आणि ती फिरत फिरत त्या मुलीपर्यंत पोचली.

आता मी नगरमध्ये एका एसी ऑफिसात बसून कम्युनिटी या विषयावर रंगीत तक्ते बनवतो. तो राजूरच्या वरच्या वाड्यांवर काम करतो, एकटाच आहे. बोलल्याप्रमाणे पुन्हा कुणाला बघायला गेला नाही. गेल्या महिन्यात सावेडीत भाजी घेताना एका बाईने मला ओळखलं. कडेवर लहान मुलगी होती. तीच ती, राहुरीकडची. ‘तुमचे मित्र कसे आहेत?’ तिने विचारलं. निरोप कळल्यावर घरच्यांना न सांगता तिने रक्त तपासलं होतं. सातच निघालं, निदान बारा हवं तिथे. लोहाच्या गोळ्या घेतल्या, नेटाने घेतल्या, लग्नानंतरही. बाळंतपण अवघड गेलं, रक्त फार गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीचं रक्त अंगात होतं म्हणून वाचलात. ‘त्यांना तेवढं सांगा,’ ती म्हणाली. मुलीने कोथिंबिरीची काडी तोंडात घातली होती, ती काढून घेऊन ती निघून गेली.

मी संध्याकाळी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

‘गोळ्या चहाबरोबर तर न्हाई ना घेतल्या तिनं?’ त्याने विचारलं. ‘चहानं लोह अंगी लागत न्हाई. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या असत्यात.’

हे मी तिला विचारलंच नव्हतं.

‘लिंबूपाण्याबरोबर,’ मी म्हणालो. ‘तिनं मुद्दाम सांगितलं.’

‘मग झालं,’ तो म्हणाला. पण फोन त्याने ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.