पाठीमागून आलेला धोटा

“धोटा सुटला, खाली वाका!” असं ओरडून मी दुकानदाराची मान दाबली आणि स्वतः टेबलाखाली शिरले. सात रस्ता चौकातलं ते कॉम्प्युटरचं सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं.

आज कपाट आवरताना तेव्हा घेतलेलं, कॉम्प्युटरला आवाज देणारं ते जुनं साउंड कार्ड हाती आलं. तापल्या धुळीचा वास अजून आहे त्याला.

त्या दिवशी माझी लेक सुमन घरच्या कॉम्प्युटरसाठी कार्ड निवडत होती. आवाज चारी बाजूंनी यावा, एवढीच तिची हौस. दुकानदार दोन कार्डं दाखवून म्हणत होता, “ताई, दोन्ही सारखीच.” पहिलं लावलं तेव्हा मी ढिम्म बसून होते. दुसरं लावलं आणि पाठीमागच्या स्पीकरमधून सण्णकन काहीतरी आलं. मी तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं टोकदार लाकूड; तो सुटला तर माणसाचा डोळा जातो.

सुमन हसत हसत खालीच बसली. “आई, लागलं का कुटं?”

“मला न्हाय. त्याची मान बघ.”

दुकानदार मान चोळत म्हणाला, “मावशी, सारखी न्हाईत, कबूल.”

“मग हेच द्या,” सुमन म्हणाली.

तेव्हा लाजेनं मेले होते, आता हसू आवरत नाही. ते कार्ड निवडलं चौथी शिकलेल्या, टेबलाखाली बसलेल्या बाईनं. ती बाई मी.