आवाज नको, बोट बघा

“आवाज नको. बोट बघा.”

फोनमधलं काहीही अडलं की आमच्या शेजारच्या काकांचं हे ठरलेलं उत्तर. शेजारचे म्हणजे मधे आमची पोफळीची बाग आणि तिच्यापलीकडे त्यांचं घर. गुहागरात शेजार असा लांबचाच असतो.

काका लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. चिपळुणात भाड्याने राहून सगळी नोकरी त्यांनी शिफ्टमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर काकींना घेऊन गावच्या घरी आले. आमच्या वाडीतले पुरुष मुंबईला नाहीतर बोटीवर, आणि त्यांनी पाठवलेले भारी फोन आम्हा बायकांच्या हातात. एसटीचं आरक्षण करायचं कसं, गॅस मागवायचा कुठून, विचारणार कोणाला? काका ते काम स्वतःच्या फोनवर करायचे, करताना स्क्रीन रेकॉर्ड करायचे आणि वाडीच्या ग्रुपवर टाकायचे. बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका उमटायचा. तो कुठे जातो ते बघत आपण आपलं बोट फिरवायचं. माझ्या खाणावळीचे पैसे फोनवर घ्यायला मी त्या ठिपक्यामागे फिरूनच शिकले.

पण आवाज म्हणून नाही. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी आवाजाची खूण ते आठवणीने बंद करायचे. मी एकदा भांडलेच. “काका, दोन शब्द बोललात तर तोंड दुखेल काय तुमचं?”

“प्लांटवर मशीन सुरू झालं की कोणाचं कोणाला ऐकू जातंय? सगळं हातानेच सांगायचं,” ते म्हणाले. “कानाने ऐकलेलं माणूस विसरतो गो. बघितलेलं राहतं.”

मला पटलं. इतकी वर्षं मशीनजवळ काढलेल्या माणसाची सवय, असं मी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

खोड एकच होती. ठिपका चांगला चालत असायचा आणि मधेच नाहीसा व्हायचा. आम्ही आपल्या त्या मुक्या स्क्रीनकडे डोळे लावून बसलेल्या. “गेले काका चहाला,” असं आम्ही म्हणायचो. एकीने तर ग्रुपवर विचारलं, “काका, आज भजी पण होती काय?” त्यावर काकांनी हसरा चेहरा पाठवला होता.

काकी आजारी आहेत एवढं ठाऊक होतं. घरी गेलं की काका पडवीतच खुर्ची पुढे करायचे. “आत झोपलीय ती,” म्हणायचे. कधीही जा, काकी आपल्या झोपलेल्याच. मला राग यायचा. बाईमाणसाला बाईने भेटायला नको? नारळाच्या वड्या नेल्या तर डबा दारातच हातात घ्यायचे आणि धुऊन संध्याकाळी परत आणून द्यायचे.

मग कधीतरी त्यांचा फोन अपडेट झाला आणि आवाजाची खूण आपली आपण चालू झाली. काका केलेलं रेकॉर्डिंग कधी ऐकून बघत नसत. ऐकायला असायचं काय त्यात? त्या दुपारी त्यांनी लाईटचं बिल कसं भरायचं ते ग्रुपवर टाकलं. मी भाकऱ्या थापत होते. फोन ओट्याला टेकवून ठेवला आणि त्यातून काकींचा आवाज आला.

“कोण रे मेल्या तू? माझ्या घरात शिरलास कसा? हो बाहेर!”

ठिपका नाहीसा झाला.

“जातो हां वहिनी,” काका म्हणाले. “एवढं लाईटचं बिल भरतो नि जातो.”

“आमचे हे येऊ देत, मग बघ तुला.”

“येतायत. कंपनीची गाडी सुटलीय लोट्यातनं. येतीलच इतक्यात.”

मग पुन्हा काकीच, पण आवाज एकदम मऊ. “मग बस तू. ते आले की चहा टाकते. दोघांनी घ्या.”

“बसतो हां,” काका म्हणाले, आणि ठिपका पुन्हा चालू लागला.

तव्यावरची भाकरी करपली. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणून समजावणारा हा माणूस, आणि आम्ही त्याला भज्यांचं विचारत होतो. मला रडूच आलं.

थोड्या वेळाने काकांचा मेसेज आला. “चुकून आवाज आला. कृपया सर्वांनी पुसून टाका. ती फार नीटनेटकी बाई आहे. असं कोणी ऐकलेलं तिला आवडायचं नाही.” खाली एकामागून एक उत्तरं, “पुसलं”, “पुसलं काका”. एरवी आमच्या वाडीत सांगितलेलं कोणी ऐकेल तर शपथ. त्या दिवशी मात्र ऐकलं. मी तर ज्यांना पुसता येत नव्हतं त्यांच्या घरी जाऊन पुसून आले. विषय पुन्हा कोणी काढला नाही.

गणपती झाल्यावर काकी गेल्या. दिवसकार्य उरकलं आणि एका सकाळी काका खाणावळीत आले. बसले, पाणी प्यायले.

“तुझ्याकडे ते राहिलंय काय गो?” त्यांनी विचारलं. “लाईटबिलाचं?”

मी नाही म्हणाले.

“तिचा आवाज कुठेच नाही माझ्याकडे. एवढी रेकॉर्डिंगं केली, सगळ्यांत मीच बंद केलाय. नि ते एक होतं, ते माझ्याकडचंही पुसलं. शिव्या घालताना का होईना, एकदा ऐकायचा होता.”

तरी मी अख्खा फोन पालथा घातला. प्रत्येकीला विचारलं, मुंबईच्या आणि बोटीवरच्या पुरुषांनाही विचारायला लावलं. कोणाकडेही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला एका चोंबड्या बाईची गरज पडली आणि अख्ख्या वाडीत एक निघाली नाही. सगळ्यांनी काकांचा शब्द पाळला होता.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मीच सांगितलं होतं.”

पुढे मुलगी त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर त्यांचं रेकॉर्डिंग आलं. लाईटबिलाचंच, आम्ही पुसलेल्याच्या जागी नवीन. या वेळी आवाज त्यांनी बंद केला नव्हता. घरात पंखा फिरत होता, बागेत कोणाचातरी पंप चालू होता. ठिपका सरळ गेला, मधे कुठेही थांबला नाही. बिल भरल्याची खूण आली तरी रेकॉर्डिंग चालूच राहिलं. बराच वेळ नुसता पंखा.

मग काका म्हणाले, “भरलं हां बिल, वहिनी. जातो.”