मामाजींच्या वाट्याचा डुम

लग्न होऊन आमगावला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज येत होता. डुम, डुम, डुम, वा डुम. जरा थांबून पुन्हा तसंच. नवरा अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. मी म्हटलं, "अहो, पाण्याची मोटर बिघडलीय. बंद करा, नाहीतर जळेल."

त्याने वळूनही पाहिलं नाही. "मोटर नाही. बाबा आहेत."

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी गोंदियाला रेल्वेत केबिनमन होते. गाड्यांचे सांधे बदलायचे, सिग्नल द्यायचा, हे त्यांचं काम. बोलणं कमी, पण आवाज असा की हळू बोलले तरी ताटातली वाटी थरथरायची. निवृत्तीनंतर आमगावला घर बांधून राहिले होते आणि दिवसातून कितीतरी वेळा हा डुम म्हणायचे. अंघोळ करताना, परसात वांग्याला पाणी घालताना, बँकेच्या रांगेत. रांगेतले लोक वळून बघायचे, मामाजी सरळ समोर बघायचे.

हे कोणतं गाणं, असं मी विचारलं तर म्हणाले, "इंग्लिश गाना होय."

"आणि पुढे काय आहे?"

"पुढचं माह्याकडं नोहतं."

हळूहळू सगळी हकीकत कळली. ते तरुण असताना गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं. रेकॉर्डवर चार अमेरिकन पोरांचं एक गाणं होतं. त्या काळी तिकडे गरीब घरची पोरं चौकात, जिन्याखाली उभी राहून गायची. वाद्यं परवडायची नाहीत, म्हणून वाद्यांचं काम तोंडानेच करायचं. एक जण वरून गाणं म्हणणार, दोघं मधे सूर धरणार आणि एक जण खालून डुम डुम करत राहणार. या प्रकाराला डू-वॉप म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मामाजी त्याला ख्रिसमसचा गाना म्हणत, कारण ड्रायव्हर साहेबांना ते ख्रिसमसच्या कार्यक्रमात म्हणायचं होतं.

साहेब स्वतः वरचं गाणार. मधल्या सुरांना एक तिकीटबाबू आणि एक फायरमन मिळाले. खालच्या आवाजासाठी त्यांनी केबिनमधून मामाजींना बोलावून आणलं. मामाजी म्हणाले, मला इंग्रजी येत नाही. साहेब म्हणाले, "बहुत अच्छा. तुम्हारे हिस्से में अंग्रेजी है ही नहीं."

तालीम मामाजींच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात व्हायची. कार्यक्रम छान झाला, दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा झाला. मग साहेब कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला गेले. फायरमनची बदली बिलासपूरकडे झाली. तिकीटबाबू वारले. गाणं असं चौघांत वाटलं गेलं आणि मामाजींच्या वाट्याला डुम आला. तो त्यांनी नीट सांभाळून ठेवला होता.

मी आमगावातच एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. शोधून काढायची खोड तिथूनच लागली असेल. एका रविवारी मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "मामाजी, यात गुणगुणलं की गाणं सापडतं. म्हणा."

ते खुर्चीवर ताठ बसले, घसा साफ केला आणि डुम म्हणाले. मोबाइलने पुन्हा म्हणा म्हटलं. ते पुन्हा म्हणाले. मोबाइलने ट्रॅक्टरचा एक व्हिडिओ दाखवला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून, अगदी जीव लावून म्हटलं. मोबाइलला काहीच सापडलं नाही.

"याले ऐकू येत नाही," मामाजी म्हणाले आणि परसात निघून गेले.

आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. हा सगळा प्रकार त्यांनी मान वर न करता ऐकला होता. म्हणाल्या, "डुम डुम म्हनून का सापडते, बाई? वरचं म्हना ना."

"वरचं कुणाला येतं?"

"मले येते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी सुपातला खडा काढून टाकला आणि बारीक आवाजात गायला लागल्या. चाल इतकी गोड होती की माझ्या हातातला मोबाइल तसाच राहिला. शब्द मात्र असे होते: मेथी दे, दे, दे, मेथी दे.

व्हरांड्यात तालीम चालायची तेव्हा त्या आत चहा करायच्या. सगळं गाणं रोज कानावर पडायचं. साहेब एवढ्या लाडीगोडीने मेथी का मागतात, हे त्यांना समजायचं नाही. "एक दिवस मी देली बी," त्या म्हणाल्या. "परसातली ताजी जुडी. सायेब थँक्यू म्हनले अन् घेऊन गेले."

"मामाजींना तुम्ही कधी सांगितलं नाही, की तुम्हाला वरचं येतं?"

"त्यायनं इचारलं नाही."

मोबाइलसमोर त्यांनी मेथीचं एक कडवं म्हटलं आणि गाणं लगेच सापडलं. मूळ शब्द होते 'मीट मी देअर'. म्हणजे, तिथे भेट मला. पोरगा पोरीला सांगतोय की चंद्र उगवला की पुलापाशी ये, नाही आलीस तरी मी उद्या पुन्हा येऊन उभा राहीन.

मी परसात ओरडून मामाजींना बोलावलं. ते हात पुसत आले. गाणं कसं सापडलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आत्याबाईंनीही सांगितलं नाही. आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून मूळ गाणं ऐकलं. मामाजींचा चेहरा उतरत गेला.

"हे कोन होत?"

"ज्यांनी पहिल्यांदा गायलं ते."

"पोरं आहेत. लवकर लवकर गाऊन राहिले. गाडी सुटून राहिली का यांची?"

मूळ गाणं त्यांना पसंत पडलं नाही. त्यांच्या हिशेबाने खरं गाणं गोंदियाचं, अमेरिकेचं कच्चं. मग मी इतरांनी गायलेली रूपं शोधली. तीही खूप निघाली. हे गाणं निघाल्यापासून ज्याला त्याला ते आपल्या पद्धतीने गावंसं वाटलेलं दिसत होतं. एका बाईने ते फार सावकाश, रडवेल्या आवाजात गायलं होतं. गिटारवाल्या पोरांनी त्याचा गोंगाट केला होता. शाळेतल्या मुलांनी सरळ रांगेत उभं राहून म्हटलं होतं. एकाने त्याला नाचाचा ठेका लावला होता. जपानमधल्या काही म्हाताऱ्या गृहस्थांनी एकसारखे कोट घालून गायलं होतं. मामाजी सगळं ऐकत होते, पण फक्त खालचं. "यात डुम कमी आहे." "याचा डुम बरा आहे, पन नाकातून येते." जपानी म्हाताऱ्यांवर मात्र ते खूष झाले. "हे लोक समजून म्हनून राहिले," असं म्हणून त्यांनी ते दोनदा लावायला सांगितलं.

शेवटी एक असं रूप लागलं ज्यात डुम नव्हताच. नुसता पियानो आणि एक माणूस. मामाजी शेवटपर्यंत वाट पाहत बसले. संपल्यावर म्हणाले, "काढून टाकलं? काऊन?" त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

जेवताना मी त्यांना गाण्याचा अर्थ सांगितला. ते थांबले. "चंद्र कुठून आला? सायेब तर म्हनत, मालगाडीचा गाना आहे. पुलावरून जड मालगाडी जाते, तिचा आवाज तू काढ."

इतकी वर्षं ते मालगाडी म्हणूनच गात होते. भरलेले डबे, सावकाश, पुलावरून. मी म्हटलं, "नाही मामाजी, प्रेमाचं गाणं आहे."

आत्याबाईंनी त्यांच्या ताटात वरण वाढलं. म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. मालगाडीसाठी मानूस एवढे डोळे मिटून गात नाही."

त्यानंतर आठवडाभर न्हाणीघरातून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, आपण उगाच शोधलं. मग एका सकाळी डुम पुन्हा सुरू झाला, पण आता जरा दबकत.

पुढच्या महिन्यात शेजारच्या मुलीचं लग्न होतं. आमगावच्याच एका लॉनवर संध्याकाळी स्वागत समारंभ. पाहुणे हौसेने स्टेजवर गाणी म्हणत होते. माझ्या नवऱ्याने कुणाला न विचारता वडिलांचं नाव दिलं. मामाजी इस्त्रीचा सदरा घालून वर गेले, माइक दोन्ही हातांनी धरला आणि सुरू झाले. डुम, डुम, डुम, वा डुम.

माणसं ऐकत राहिली. खाली जेवणाच्या रांगेत कुणीतरी हसलं. बऱ्याच वेळाने साऊंडवाला स्टेजजवळ आला आणि आदराने म्हणाला, "बाबाजी, माइक चेक हो गया. अब गाना शुरू कीजिए."

"हेच गाना होय," मामाजी म्हणाले आणि पुन्हा डुम.

आता हसणं वाढलं. माझे कान तापले. आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी हातातली पर्स माझ्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि स्टेजवर चढल्या. साऊंडवाल्याच्या हातातला दुसरा माइक घेतला. त्यांनी वरून सुरुवात केली: मेथी दे, दे, दे, मेथी दे.

मामाजींचा डुम बंद पडला. ते तोंड उघडं ठेवून बायकोकडे बघत होते. ऑस्ट्रेलियाला गेलेलं गाणं आपल्याच स्वयंपाकघरात होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. आत्याबाई थांबल्या, माइक बाजूला केला आणि त्यांना म्हणाल्या, "म्हना ना जी. मी एकटी किती म्हनू?" माइक बाजूला केला तरी सगळ्या लॉनला ऐकू गेलं.

मग दोघांनी म्हटलं. मधले दोन सूर नव्हते, पण ती उणीव मला तरी जाणवली नाही. मामाजींनी डोळे मिटले होते. नवरी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. लोकांना वाटलं, हे आपल्याकडचंच एखादं जुनं भाजीचं गाणं आहे.

गेटजवळ बँडवाले उभे होते. त्यांचा मास्तर नंतर घरी आला, दोघांना समोर बसवून त्याने चाल उतरवून घेतली. डुम त्याने सर्वांत मोठ्या पितळी भोंग्याला दिला. त्या लग्नसराईत आमगावच्या वरातींतून मेथी वाजली. चाल तिप्पट जलद झाली होती. मामाजी गॅलरीतून ऐकत आणि म्हणत, "भोंगा बरा आहे. सावकाश वाजवते तर अजून बरा."

चिचगडकडच्या काही पोरापोरींनी त्यावर मोहफुलांचे शब्द बसवून नाचाचा व्हिडिओ केला. तो फिरत फिरत आमच्या मोबाइलवर आला. त्यात मेथी नव्हती. आत्याबाईंना ते खटकलं, पण मोहफुलं चालीला जास्त शोभतात, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी कबूल केलं.

यंदा दरेकशाला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. तिथल्या बँडने मांडवापाशी हीच चाल धरली. मामाजींनी कौतुकाने बँडवाल्याला विचारलं, "कोनाचा गाना होय?"

"आमचाच, बाबाजी," तो म्हणाला. "आमच्या आज्याच्या वक्ताचा."

मामाजी हसले आणि जेवायला गेले. आत्याबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. ज्या गाण्याबद्दल त्या इतकी वर्षं एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यासाठी त्या हातात पत्रावळ घेऊन भांडायला उभ्या राहिल्या. "तुमच्या आज्याचा कायले? आमच्या व्हरांड्यातला होय."

बँडवाला म्हणाला, "मंग म्हनून दाखवा, काकू."

त्यांनी पत्रावळ माझ्या हातात दिली आणि गायला लागल्या. बँडवाल्याने जरा ऐकलं, मग हाताने पोरांना खूण केली आणि भोंगा त्यांच्या मागोमाग हळूहळू निघाला.