आईचे उपवास, माझं वजन

ऑपरेशननंतर पहिले काही महिने वजन असं भराभर उतरलं, की खराडीच्या ऑफिसात लिफ्टमध्ये भेटणाऱ्या लोकांना मला ओळखायला दोन मजले लागायचे. मग एके सकाळी ते थांबलं. दुसऱ्या सकाळीही तेच. आठवडे गेले, वजनकाटा आपला एकच आकडा दाखवत राहिला. मी त्याचे सेल बदलले, त्याला फरशीवर इकडून तिकडे सरकवून पाहिलं. पोट कापून लहान केलेलं, वाटीभर अन्न जात नव्हतं, केस मुठीमुठीने गळत होते, आणि वजन ढिम्म. मला आईची भीती वाटायला लागली.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिची माझी अंगकाठी एकच. तिचे ब्लाउज मला तसेच्या तसे व्हायचे. तिचं हृदय थकलं आणि एका दुपारी थांबलं. तेव्हापासून जिना चढताना माझ्या धापेत मला तिची धाप ऐकू यायची. म्हणून तर मी पोटावर सुरी चालवून घेतली.

सोमवार, गुरुवार, संकष्टी, सगळं आई मनापासून करायची, तरी जाडच राहिली. नातेवाईक हसायचे, "एवढे उपवास कुठे जातात हो तुमचे?" तीही हसायची. तेराव्याला मावशीने माझा हात धरून सांगितलं, "तिचे उपवास आता तू चालव. तेवढंच तिचं काहीतरी राहील." मी हो म्हटलं. घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा उपवास करत नाहीत, उपवासाचं मात्र चवीने खातात.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उपवास बंद करायला लावले. नेहमीचं जेवण सुरू झालं तसा मी कुणाला न विचारता पुन्हा सोमवार धरला, मग गुरुवार, मग संकष्टी. त्यानंतर थोड्याच दिवसांत वजन थांबलं, आणि माझ्या मनाने भलतंच घेतलं: मधले महिने मी उपवास मोडले, म्हणून आई रागावली आहे. मी शिकलेली बाई आहे, असलं काही मानत नाही. तरी साबुदाणा भिजत घालताना ती माझ्या मागे उभी असायची. वळलं की नसायची. पुन्हा पातेल्यात पाहिलं की असायची. पाणी जरा जास्त पडलं की "च्च" ऐकू यायचं. तिची समजूत काढावी म्हणून मी शनिवारही धरला. काटा हलला नाही.

तपासणीला गेले तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभरात काय काय खाते ते विचारलं. मी जरा ऐटीतच उपवास सांगितले.

"उपवास करता, की उपवासाचं खाता?" त्या म्हणाल्या.

"खिचडी. अगदी थोडी. कधी वरी, कधी रताळं."

"अहो, साबुदाणा घशाखाली सरसर उतरतो म्हणून तुम्हाला बरा वाटतो. डाळ, पनीर चावत बसावं लागतं. पोटात जागा एवढीशी, ती सगळी साबुदाण्याला भाड्याने दिलीत. प्रोटीनने राहायचं कुठे?" मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "वजन मधे थांबतं, बऱ्याच जणांचं. त्याला घाबरू नका. पण असं खाल्लंत तर अंगातली ताकद जाईल आणि चरबी राहील. उपवास सोडा."

स्वारगेटच्या बसमध्ये मी लोकांदेखत रडले. उपवास सोडले तर आईचं उरलंसुरलंही जाणार होतं. नाही सोडले, तर मी तिच्याच वाटेने जाणार होते.

पुढची संकष्टी सुट्टीच्या दिवशी आली. मी साबुदाणा भिजवला नाही. दुपारी मुगाच्या डाळीची धिरडी घातली, तव्यावरून नजर न हलवता. मागे बघायची हिंमत नव्हती. बाबा पानावर येऊन बसले.

"खिचडी नाही?"

"नाही."

"आज संकष्टी ना?"

"मी सोडली, बाबा. सगळेच उपवास सोडले."

त्यांचा एखादा टोमणा येणार म्हणून मी थांबले. ते धिरड्याचा तुकडा मोडून हातात धरून बसले होते.

"तिलाही सोडायचे होते," ते म्हणाले. "शुगरच्या गोळ्या सुरू झाल्यावर तिला उपासाने चक्कर यायची. डॉक्टरांनीही नको म्हणून सांगितलं होतं. मीच म्हटलं, माझ्या आईने शेवटपर्यंत केले, तुला काय होतंय?"

मला त्यांचा भयंकर राग आला. तिची आठवण म्हणून मी जे जिवापाड सांभाळत होते, ते तिला नकोच होतं. तिला जेवायचं होतं.

माझ्या पोटात अर्ध्या धिरड्याचीच जागा होती. तरी मी तव्यावर अजून एक घातलं, पातळ, कडेने तेल सोडून, तिला आवडायचं तसं. बाबा उठले आणि त्यांनी तिसरं ताट घेतलं.