कुजबुजेंचा आवाज

आमच्या नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. आडनाव वाटावं असं ते टोपणनाव. आयुष्यभर ते विंगेत उभे राहून आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवत. शब्द माझ्या कानात स्पष्ट पडे आणि पहिल्या रांगेला त्याची गंधवार्ता नसे. त्यांचा नियम एकच: "समोरच्याचा श्वास संपू द्यायचा. मध्ये तोंड घालायचं नाही." माझ्या निम्म्या टाळ्या त्यांच्या होत्या. तेव्हाही सांगायचे, आजही सांगते.

घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा मी दोनदा 'काय?' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर पळूनच गेले असते!"

अलीकडे वहिनींची फुप्फुसं थकली होती. खाटेशी ऑक्सिजनचा सिलिंडर, नाकाला नळी. एक संपत आला की दुकानदार हातगाडीवरून दुसरा आणून देई.

मग शहरात ती मोठी परिषद भरली. देशोदेशींचे पुढारी येणार म्हणून शहराची रंगभूषा सुरू झाली. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, कोपऱ्यावरची चहाची टपरी रातोरात गायब. कुजबुजेंचं घर नेमकं पाहुण्यांच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या उघडायच्या नाहीत, ताफा जाईपर्यंत खाली उतरायचं नाही, असं पोलीस दारोदार बजावून गेले. बस बंद झाल्यामुळे मी आदल्या दिवसापासून तिथेच अडकले होते.

सकाळी सिलिंडरचा काटा तळाला आला. दुकानदाराचा फोन आला, "काका, कोपऱ्यावर अडवलंय. सिलिंडर बघून साहेब बिथरलेत. घरचं माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलं तरच सोडतील म्हणे."

कुजबुजेंनी चपला घातल्या. वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला हं. तिथं दुसऱ्यांदा विचारायला मी नाहीये."

"बरं," ते म्हणाले. तेही मला ओठांवरूनच कळलं.

मी वहिनींचा हात धरून बसले. बराच वेळ गेला. त्यांच्या छातीतून येणारा आवाज मला ऐकवेना. शेवटी उठून मी खिडकी उघडली.

खाली कोपरा दिसत होता. दोरीपलीकडे हातगाडी, तिच्यावर सिलिंडर. दोरीअलीकडे साहेब वायरलेसवर बोलतायत. त्यांच्यासमोर कुजबुजे, चिठ्ठी छातीशी धरून, मान किंचित पुढे. विंगेत उभे राहायचे अगदी तसे. साहेबांचं वाक्य संपायची वाट बघत होते. एक संपलं की दुसरं सुरू होत होतं. मधल्या फटीत त्यांचे ओठ हलले. साहेबांनी वळूनही पाहिलं नाही.

आजवर मला वाक्यं देणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच वाक्य दिलं. असेल नसेल तेवढा आवाज काढून ओरडले, "कुजबुजे, मध्येच बोला! ओरडा!"

तेवढ्यात सायरन वाजत ताफा आला. मोठमोठी नाट्यगृहं भरून टाकणारा माझा आवाज रस्त्यापर्यंतही पोचला नाही. एका शिपायानं मात्र वर पाहिलं आणि शिट्टी फुंकली, "ओ बाई! खिडकी बंद!"

काळ्या गाड्या एकामागून एक गेल्या. कुजबुजे जागचे हलले नाहीत. ताफा संपल्यावर साहेबांनी चिठ्ठी घेतली, वाचली आणि लगबगीनं दोरी वर केली. "अहो आजोबा, आधी नाही का सांगायचं!" असं ते म्हणाले, हे दुकानदारानं मला नंतर सांगितलं.

दोघं सिलिंडर घेऊन वर आले तेव्हा मी वहिनींचे डोळे मिटवून नाकातली नळी काढून ठेवली होती. कुजबुजे खाटेजवळ वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेले होते. रंग ताजा आहे, कुंड्यांतली झाडं वाळलीत, टपरी अजून परतलेली नाही. मी म्हटलं, "तुमची तब्येत..."

"चहात साखर किती घालू?" ते ओरडले. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. कोणीतरी जिन्यातून विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही!" ते आणखी मोठ्यानं म्हणाले. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. त्यांनी ते पुरवलं नाही.